दहावीची मराठी आणि इतिहास एकाच हाताखाली : 'स्वतःच्या शब्दांत' लिहायला मुलांना कसं शिकवता?

खडूची_पूड

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात एका अनुदानित हायस्कुलात मी शिकवते. नववी-दहावीची कुमारभारती (मराठीचं पाठ्यपुस्तक) आणि इतिहास-राज्यशास्त्र माझ्याकडे आहे, भूगोल दुसऱ्या सरांकडे.

गेल्या आठवड्यात नववीची घटक चाचणी झाली. 'इतिहासाची साधने' या पाठावर एक प्रश्न दिला होता : मौखिक साधने इतिहासलेखनाला उपयोगी पडतात, सकारण स्पष्ट करा. ५४ पेपर तपासले. बाजारातल्या एका गाईडमध्ये 'लोकगीते'च्या जागी 'लोकगाते' असं चुकून छापलं गेलंय. माझ्याकडच्या ४१ पेपरांत 'लोकगाते' आहे. एकाही मुलाला तो शब्द वाचताना अडखळायला झालं नाही.

आणि एक मुलगा, जो मधल्या सुट्टीत आजीच्या गोष्टी सांगून अख्खा व्हरांडा गोळा करतो, त्याने ती जागा कोरी सोडली. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, माझ्या शब्दांत लिहिलं आणि चुकलं तर?"

मराठीच्या कृतिपत्रिकेतही (प्रश्नपत्रिकेतही) तेच. स्वमत म्हटलं की 'कवीने अतिशय सुंदर शब्दांत वर्णन केले आहे', संपलं. इतकी वर्षं मी हे दोन वेगळे प्रश्न समजत होते, मराठीचा वेगळा आणि इतिहासाचा वेगळा. आता वाटतं, दुखणं एकच आहे. समोरचा मजकूर वाचायचा आणि त्यावर आपलं एक वाक्य उभं करायचं, हे आपण त्यांना कुठल्याच तासाला शिकवत नाही.

तुम्ही काय करता? प्रत्यक्ष वर्गात केलेलं सांगा. प्रशिक्षणातलं नको, ते माझ्याकडे भरपूर आहे.

निवृत्त_गुरुजी

ताई, 'लोकगाते' वाचून पोटात तुटलं. आमच्या वेळी चूक मुलाची स्वतःची असायची. एकाने लिहिलं होतं, 'राज्यसभेचे सदस्य घरच्यांना विचारून निवडतात.' चूकच, पण पोराने डोकं चालवलं होतं. ते उत्तर मला तीस वर्षांनी आठवतंय.

गणिताचा_तास

मी गणित-विज्ञानवाला, तरी लिहितो. रागावू नका, पण दहावीला हे सगळं करायला वेळ कुठे आहे? इतिहास-राज्यशास्त्र ४० गुणांचा, भूगोल ४० गुणांचा, वर २० अंतर्गत. पाठ करून मुलगा तीस-पस्तीस आणतो. आमच्या शाळेत ऊसतोड कामगारांची मुलं आहेत. नोव्हेंबरात जातात, काही मार्चमध्ये थेट परीक्षेला उगवतात. त्यांच्या हातात पाठ केलेली दहा उत्तरं असली तर ती पास होतात. 'स्वतःचे शब्द' त्यांना तारणार नाहीत.

खडूची_पूड

सर, रागावले नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचा मुद्दा खरा आहे, माझ्याकडेही सात आहेत. पण फळ्यावरचं आठवून लिहिणं त्यांनाच सगळ्यात जड जातं, कारण फळ्यासमोर तीच सगळ्यात कमी बसलेली असतात.

पेपर_तपासनीस

बोर्डाचे पेपर बरीच वर्षं तपासतो आहे, म्हणून या बाजूने सांगतो. आदर्श उत्तरपत्रिकेत मुद्दे दिलेले असतात, वाक्यं नसतात. मुद्दा आला की गुण द्यायचा, वाक्य मुलाचं असो की गाईडचं. तेव्हा 'आपल्या शब्दांत लिहिलं तर गुण जातात' ही भीती मुलांच्या मनातून आधी काढा. पालकांच्या आणि काही शिक्षकांच्याही मनातून.

दुसरं असं की पाठांतर नेमकं उताऱ्यावरच्या प्रश्नात उघडं पडतं. इतिहासाच्या पेपरात उतारा असतो, त्याचा शेवटचा उपप्रश्न बहुधा मुलाच्या विचाराचा असतो. तिथे उताऱ्यातलीच दोन वाक्यं पुन्हा उतरवलेली असतात. गठ्ठ्यामागून गठ्ठे तसेच. मध्येच एखादी मुलगी काहीतरी तिचं लिहिते तेव्हा खुर्चीत सरळ होऊन बसायला होतं.

मुक्ता_नाशिक

गणिताचा_तास, २०१९ आठवा. भाषा आणि समाजशास्त्राचे तोंडी-अंतर्गत २० गुण त्या वर्षी काढून टाकले होते. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल ७७.१० वर आला. लगेच पुढच्या वर्षापासून ते गुण परत आले. इतर कारणंही असतील, नवा अभ्यासक्रम त्याच वर्षी होता. पण आमच्या शाळेत तरी भाषांमध्ये नापास झालेली पोरं बघून आम्ही सगळे गप्प झालो होतो. मराठीत, स्वतःच्या भाषेत नापास.

भूगोल_माण

धागाकर्त्या ताईंच्याच बाजूचा दिसतोय मी. भूगोलवाला आहे, पण दुखणं तेच.

दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी ठेवलेत. सुरुवातीला मीही कुरकुर केली होती की आमच्या पोरांना ब्राझील कशाला. मग हवामानाचा पाठ आला. ईशान्य ब्राझीलमध्ये उच्चभूमीच्या आड एक कोरडा पट्टा आहे, अवर्षण चतुष्कोन म्हणतात. दोन वर्षं मी ते वाचून दाखवलं. तिसऱ्या वर्षी पुस्तक मिटायला लावलं आणि विचारलं, "महाबळेश्वरला पाऊस कोसळतो आणि आपल्याकडे टँकर येतो, का?" सगळ्यांना माहीत होतं. एका मुलीने फळ्यावर येऊन सह्याद्री काढला, अलीकडे ढग, पलीकडे आपलं गाव. म्हटलं, आता त्याच चित्रात नावं बदल. तिने सह्याद्री पुसून 'ब्राझीलची उच्चभूमी' लिहिलं, अरबी समुद्र पुसून 'अटलांटिक', आणि गावाच्या जागी 'अवर्षण चतुष्कोन'.

मग थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सर, समुद्र इकडचा तिकडं गेला पाहिजे." कारण तिकडे वारे पूर्वेकडून येतात. एवढं झालं आणि तास संपला. त्या वर्षी त्या प्रश्नाला कोणी गाईड उघडलं नाही.

सिंधुदुर्गकर

भूगोल_माण, वा! '२३ मार्च २०२०चा भूगोलाचा पेपर' हे शब्द आमच्या बॅचला अजून टोचतात. अभ्यास करून बसलो होतो, टाळेबंदी आली, पेपर रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीने गुण मिळाले. माझा सगळ्यात आवडता विषय तोच होता.

गणिताचा_तास

सिंधुदुर्गकर, तुम्ही त्या बॅचचे? माझी मुलगीही. तिने मात्र पेढे वाटले होते. :)

भूगोल_माण, तुमचं उदाहरण पटलं. पण ते चित्राने झालं. लिहायची वेळ आली की पुन्हा तेच ना?

अक्षरभारती_मुंबई

मी मुंबईत इंग्रजी माध्यमाच्या शाळेत द्वितीय भाषा मराठी शिकवते. वर्गात गुजराती, हिंदी, तमिळ, मल्याळी घरांतली मुलं. घरी मराठी बोलणारी पाच-सहाच. यांच्याकडे पाठ केलेलीसुद्धा मराठी वाक्यं नसतात, त्यामुळे मला शून्यातून सुरुवात करावी लागली आणि त्याचा फायदाच झाला.

एकच नियम केला : रोज एक वाक्य. शाळेत येताना जे दिसलं ते. त्यात एक क्रियापद आणि एक 'कारण' हवं. पहिल्या महिन्यात 'मी गेली कारण उशीर झाली' असलं सगळं आलं. लिंगवचनाची लाल रेघ मी मुद्दाम मारली नाही, फक्त वाक्य वाचून दाखवताना बरोबर करून वाचलं. दिवाळीनंतर एका मुलाने लिहिलं : 'आमच्या खालचे इस्त्रीवाले काका आज आले नाहीत कारण त्यांच्या गावाला भात कापायची वेळ आहे.' हे भाषेचं वाक्य आहे की समाजशास्त्राचं? मला ठरवता आलं नाही. स्थलांतराचा अख्खा पाठ त्यात आहे.

खडूची_पूड

अक्षरभारती ताई, 'एक वाक्य आणि एक कारण'. लिहून घेतलं. सोमवारपासून सुरू करते.

मराठीप्रेमी_७४

सगळं ठीक, पण मूळ रोग सांगा की. २०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा आणायचे शासन निर्णय काढले आणि जूनअखेर मागे घेतले. मराठीला अभिजात दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला आणि इकडे मराठी शाळा पटसंख्येअभावी बंद पडतायत. शिक्षक काय करणार?

मुक्ता_नाशिक

विषय महत्त्वाचा आहे, मीही त्यावर भांडते. पण त्याचा वेगळा धागा काढा ना. इथे ताईंनी वर्गातलं विचारलंय.

मराठीप्रेमी_७४

बरं. वेगळा काढतो.

काणकोणची_शिक्षिका

गोव्यातून लिहिते. आमचं बोर्ड वेगळं, पुस्तकं वेगळी, पण कोरी जागा सारखीच.

आमच्याकडे इतिहासात एक गोष्ट प्रत्येक घरात पडलेली आहे : १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. मी मुलांना सांगितलं, घरात सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुम्ही काय केलं आणि का. उत्तर आणताना त्यांचे शब्द जसेच्या तसे आणायचे, कोंकणीत असतील तर कोंकणीत.

एका मुलीच्या घरी वडिलांच्या आईने फुलाला मत दिलेलं, आईच्या वडिलांनी दोन पानांना. दोघंही त्या दिवशी जेवणाच्या ताटावर पहिल्यांदा त्यावर बोलले म्हणे. मुलीने दोन्ही बाजू लिहिल्या आणि खाली माझ्यासाठी टीप : 'टीचर, दोघांचीही कारणं मला बरोबर वाटतात, तर उत्तरात कुठलं लिहू?' मी म्हटलं, हेच लिही. तिने एक पान भरून लिहिलं. त्यासाठी वेगळं 'लेखनकौशल्य' शिकवावं लागलं नाही, कारण तिला सांगायचं काहीतरी होतं.

निवृत्त_गुरुजी

मॅडम, तुमच्या त्या विद्यार्थिनीला माझा आशीर्वाद कळवा.

बखरवाचक

मी शिक्षक नाही, जुनी कागदपत्रं वाचायचा नाद आहे. एका शाळेने बोलावलं तेव्हा केलेला तास सांगतो. मराठी आणि इतिहास दोन्ही ज्यांच्याकडे आहे त्यांना तो उपयोगी पडेल.

फळ्यावर दोन रकाने केले. डावीकडे पेशवा, मुजुमदार, सुरनीस, वाकेनवीस, डबीर, सरनौबत. उजवीकडे पंतप्रधान, अमात्य, सचिव, मंत्री, सुमंत, सेनापती. पदं तीच, नावं बदलली. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास कारभारातले फारसी शब्द बदलायला घेतले, रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, एवढंच सांगितलं. आणि विचारलं, राजाला शब्द बदलावेसे का वाटले असतील?

दहा मिनिटं नुसता गोंधळ. मग एक मुलगा म्हणाला, "आमच्या बापूंनी दुसऱ्याचं हॉटेल विकत घेतलं तेव्हा आधी पाटी बदलली." सबंध वर्ग हसला, आणि मला वाटतं तिथेच तो मुद्दा सबंध वर्गाला कळलाही.

पुढचा प्रश्न त्याहून मजेचा : मग आज आपल्या सातबाऱ्यावर, तहसीलमध्ये काय काय फारसी-अरबी उरलंय? जमाबंदी, तहसीलदार, वारस, दस्त, मुदत. मुलं घरून उतारे घेऊन आली. जे शब्द कोशाने बदलले त्यातलेही बरेच लोकांच्या तोंडात राहिलेच, हे त्यांना स्वतःच्या घरच्या कागदावर दिसलं. 'असं का झालं असेल' यावर प्रत्येकाने चार ओळी लिहिल्या. चार ओळींचं कुठलंही गाईड निघालेलं नाही.

शिक्षणसेवक_लातूर

बखरवाचक सर, हा तास मी चोरणार, आधीच सांगून ठेवतो.

माझी अडचण मात्र वेगळी आहे. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून १८ हजार मानधन. बीएडला माझ्या मेथड मराठी आणि इतिहास होत्या. शाळेत संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांच्या जागा ठरवतात त्यात) जागा कमी झाल्या, म्हणून हिंदी आणि भूगोलही माझ्याकडे आलेत. आठवड्याला इतके तास की टाचण रात्री अकरानंतर लिहितो. वर मतदार यादीचं काम. नवीन काही करावं असं मनापासून वाटतं, पण ६८ वह्यांत रोज एक वाक्य वाचायचं म्हटलं की हात थरथरतो.

अक्षरभारती_मुंबई

सगळ्या वह्या वाचू नका हो. मी रोज फक्त सात वाचते, रोल नंबरप्रमाणे. बाकीची मुलं शेजारच्याला वाचून दाखवतात आणि शेजाऱ्याने विचारायचं, 'कशावरून?' एवढंच. दोन आठवड्यांत प्रत्येकाची पाळी येते. तब्येत सांभाळा.

भूगोल_माण

आणि किल्लारीपासून लांब आहात का? ३० सप्टेंबर १९९३ची पहाट तुमच्या प्रत्येक मुलाच्या घरात आहे. मौखिक साधनं शिकवायला बाहेर जावं लागणार नाही. फक्त जपून. काही घरांत त्या रात्रीबद्दल विचारता येत नाही.

शिक्षणसेवक_लातूर

जवळच आहे. आमच्या गावचंही पुनर्वसन झालंय. जुन्या गावठाणात आता बाभळी आहेत. तुम्ही म्हणता तसं जपूनच. आधी मुख्याध्यापकांशी आणि दोन-तीन पालकांशी बोलेन. 'सात वह्या' जमेल असं वाटतं. धन्यवाद ताई.

न्यूजर्सीची_आई

आम्ही इथे रविवारी मुलांची मराठी शाळा चालवतो. आमच्या मुलांना मराठी वाचता येतं, पण 'का' म्हटलं की इंग्रजीवर जातात. काणकोणच्या ताईंची युक्ती आम्ही व्हिडिओ कॉलवर करणार : भारतातल्या आजी-आजोबांना एक प्रश्न, उत्तर त्यांच्या शब्दांत. माझा मुलगा सासूबाईंना 'रेशनची रांग म्हणजे काय' विचारायला बसलाय, पाऊण तास झाला, फोन अजून सुरूच आहे.

स्पर्धापरीक्षा_पुणे

गणिताचा_तास सरांच्या पहिल्या प्रतिसादाला उत्तर. मी तशाच घरातली. आई-वडील तोडीला जायचे, मी आजोळी शिकले. दहावीला सगळं पाठ केलं, ७९ टक्के मिळाले, शाळेत सत्कार झाला. सर, त्या गुणांनी मला पुढे नेलं हे खरं आहे, ते नाकारणार नाही. पण राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आणि मी पुण्यात एका अभ्यासिकेत कोरा कागद समोर ठेवून तीन दिवस बसले होते. 'पंचायत राजमधील महिला आरक्षणाचा परिणाम' असा विषय होता. माझी स्वतःची मावशी सरपंच होती! तिच्या सह्या कोण करायचं, मग ती स्वतः कधीपासून ग्रामसभेत बोलायला लागली, सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. तरी पेन उचललं की '७३वी घटनादुरुस्ती १९९२' याच्या पुढे वाक्यच नाही. आपल्याला माहीत असलेलं लिहायची परवानगी आहे, हे मला चोविसाव्या वर्षी कळलं.

माझ्यासारख्या मुलींना ते नववीत कळलं तर बरं होईल.

गणिताचा_तास

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी माझं म्हणणं मागे घेतो असं नाही, मार्चमध्ये उगवणाऱ्या पोरांसाठी दहा उत्तरं मी पाठ करून घेणारच. पण दहावीच्या सराव परीक्षेआधी इतिहासाचे तास मी गणिताला मागून घेत असे. या वर्षी घेणार नाही.

पेपर_तपासनीस

गणिताचा_तास सर, हे वाचून फार बरं वाटलं. राज्यातल्या प्रत्येक समाजशास्त्राच्या शिक्षकाच्या वतीने आभार.

खडूची_पूड

तीन आठवड्यांनी परत येते आहे. 'एक वाक्य, एक कारण' आणि 'कशावरून' रोज सुरू आहे. पहिला आठवडा कठीण गेला, निम्म्या वह्यांत 'आज ऊन आहे कारण सूर्य आहे' होतं. मग काणकोणच्या ताईंसारखं आजी-आजोबांना विचारायला पाठवलं. आमच्याकडे विषय ठरलेलाच, बाहत्तरचा दुष्काळ. सुकडी आणि लाल मिलो (तेव्हा वाटलेलं धान्य-खाणं), खडी फोडायची कामं, गावोगावचे पाझर तलाव.

जागा कोरी सोडणारा तो मुलगा आठवतो ना? त्याची आजी गावच्या पाझर तलावावर मातीच्या पाट्या वाहायला होती. तो आजीचं ऐकून थांबला नाही, सायकलवर तलावावर जाऊन सांडव्याजवळचा दगड बघून आला. त्याची वही समोर आहे, जशीच्या तशी उतरवते :

'आजी म्हणते तलाव बाहत्तर साली बांधला. दगडावर १९७३ आहे. मी आजीला सांगितलं तर ती रागावली. शेजारच्या तात्यांना विचारलं, तेपण बाहत्तरच म्हणाले. गावात सगळेच बाहत्तर म्हणतात. मला वाटतं बाहत्तर हे त्या दुष्काळाचं नाव आहे, साल नाही. दुष्काळ पुढच्या वर्षीपण होता म्हणून काम पुढच्या वर्षी संपलं असेल. कशावरून : दगड आणि आजी दोन्ही.'

शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, त्या इथे दुरुस्त केल्यात. त्याच्या वहीत अजून केलेल्या नाहीत.

बखरवाचक

'नाव आहे, साल नाही.' नववीतला मुलगा!

पेपर_तपासनीस

पैकीच्या पैकी.

भूगोल_माण

ताई, कुठला तलाव? आमच्या क्षेत्रभेटीला यंदा ठिकाण ठरायचंय. चाळीस मुलं घेऊन येतो. तुमच्या त्या पोरालाच माहिती सांगायला उभं करू, आणि आजींना जमत असेल तर त्यांनाही.

खडूची_पूड

जरूर या. आजींना विचारलं. म्हणाल्या, "येते, पण त्या दगडावरचं मला कुणी वाचून दाखवू नका." व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.